खात्री नसेल तर नाही म्हणा

मी राजुऱ्याचा. वडील कोळशाच्या खाणीत पंप चालवायचे. यंत्र बंद पडलं की आधी त्याला मनसोक्त शिव्या घालायच्या आणि मग पाना हातात घ्यायचा, ही त्यांची पद्धत होती. मी पुढे चंद्रपूरला संगणक शिकवायला लागलो, पण पद्धत तीच ठेवली. पेन ड्राइव्ह नुकते बाजारात आले होते तेव्हाची ही गोष्ट. चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन्ही जिल्ह्यांत मिळून संगणकाच्या पोटात शिरून काम करणारा मी एकटाच, असं मला तेव्हा वाटायचं. ते खरं होतं की नाही माहीत नाही, माज मात्र खरा होता.

भामरागडच्या अलीकडे, दोन नाल्यांच्या मध्ये, एका संस्थेचा लहानसा दवाखाना होता. दोन खोल्या, पुढे पडवी, अंगणाच्या टोकाला मोहाचं झाड. एक डॉक्टर आणि एक सिस्टरबाई. कोणीतरी त्यांना जुना संगणक दान केला होता, म्हणजे आपल्या घरातली अडगळ तिथे नेऊन ठेवली होती. त्याची मेमरी इतकी तोकडी की चालू केला की चहा करून प्यावा आणि मग येऊन बसावं. मी म्हटलं, आणा इकडे, याला मी माणसात आणतो.

जगभरच्या लोकांनी मिळून लिहिलेली, कोणालाही घेता येणारी एक ऑपरेटिंग सिस्टीम मी त्यावर टाकली. तिचा जो गाभा असतो, ज्याला कर्नल म्हणतात, तो आपल्या यंत्राच्या मापाने नव्याने बांधून घेता येतो. बांधण्याआधी तो प्रश्न विचारतो. एक-दोन नाही, शेकड्यांनी. अमुक कार्ड आहे का, तमुक डिस्क आहे का? हो की नाही? प्रत्येक प्रश्नाखाली मदतीच्या चार ओळी इंग्रजीत लिहिलेल्या असतात, आणि त्यांच्या शेवटी बहुतेक वेळा एकच सल्ला असतो: खात्री नसेल तर नाही म्हणा.

जितके नकार जास्त, तितका गाभा लहान आणि यंत्र हलकं. म्हणून मी नकारांचा सपाटा लावला. त्यात एक प्रश्न होता मोठ्या सर्व्हरमध्ये असते त्या महागड्या जातीच्या डिस्कचा. मदतीत लिहिलं होतं, या जातीची हार्ड डिस्क वापरायची असेल तर हो म्हणा, खात्री नसेल तर नाही. भामरागडच्या जंगलात कुठली आलीय सर्व्हरची डिस्क! मी हसलो आणि नाही म्हटलं.

त्या चार ओळींत जे लिहिलेलं नव्हतं ते असं. हा गाभा पेन ड्राइव्हला पेन ड्राइव्ह म्हणून ओळखतच नाही. त्याच्या लेखी ती त्या मोठ्या जातीचीच एक डिस्क असते. म्हणजे इथे नाही म्हटलं की पेन ड्राइव्ह खोचला तरी उघडणार नाही. हे मला माहीत नव्हतं, आणि माहीत नाही हेही माहीत नव्हतं.

आता सिस्टरबाईंबद्दल सांगतो. त्या गोंडपिपरीकडच्या, तळ्यात जाळं टाकणाऱ्या घरातल्या. पंधरा वर्षं जंगलात काढलेली, गोंडी फाडफाड बोलायच्या. माझ्यापेक्षा वयाने बऱ्याच मोठ्या, तरी मला भाऊ म्हणायच्या. उन्हाळ्यात त्यांनी आसपासच्या गावांत शिबिरं घेतली. सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची तपासणी आणि सोबत रक्तगट. पावसाळ्यात नाले भरले की बाहेरून रक्त येत नाही, तेव्हा कोणाच्या अंगात कोणतं रक्त आहे हे आधीच लिहून ठेवायचं, असा त्यांचा हिशेब. एका शिबिराला मीही गेलो होतो. एका आईला त्या विचारत होत्या, थंडीत पोराची बोटं सुजतात का, गुडघे धरून रडतो का. मी म्हटलं, बाई, सरळ विचारा ना घरात कोणाला सिकलसेल आहे का म्हणून, वेळ वाचेल.

"रोगाचं नाव घेतलं का नाई म्हणते जी ते," बाई म्हणाल्या. "नाव आपलं हाय. दुखणं त्याईचं हाय. दुखण्याचं विचारा लागते."

मी मान डोलावली. ऐकलं मात्र काहीच नव्हतं.

शिबिराच्या दोन जाडजूड वह्या झाल्या. नाव, गाव, रक्तगट, आणि शेवटच्या रकान्यात बाईंचा शेरा. त्या मी चंद्रपूरला घेऊन गेलो, महिनाभर बसून सगळं संगणकात भरलं आणि पेन ड्राइव्हवर उतरवलं. दवाखान्याचा संगणक उन्हाळ्याआधीच परत पोचवला होता, म्हणून आमच्या वर्गातल्या संगणकावर तो लावून पाहिला. उघडला. झालं की मग! पावसाळ्याच्या तोंडावर दवाखान्याची जीप परत निघाली तेव्हा माझ्या पिशवीत नवा कीबोर्ड होता, सीडी होत्या, वायरी होत्या. वह्यांना जागा नव्हती. खरं सांगायचं तर जागा करता आली असती. वह्यांची सद्दी आता संपली हे मला दाखवून द्यायचं होतं.

पोचलो तेव्हा बाईंनी पहिलं विचारलं, "वह्या कुठी हायेत, भाऊ?"

मी गळ्यातला पेन ड्राइव्ह उचलून दाखवला. "सगळं यात आहे."

"एवढ्यात?" त्यांनी तो बोटांत धरून उलटा-सुलटा पाहिला. "बरं बापा."

त्या रात्री पाऊस लागला आणि सकाळपर्यंत दोन्ही नाले रपट्यांवरून, म्हणजे त्या बुटक्या पुलांवरून, वाहू लागले. फोन तर आधीच मेलेला होता. पोलीस ठाण्यात वायरलेस होता, पण ठाणं नाल्यापलीकडे. वीज गेली होती. जनरेटरसाठी एक कॅन डिझेल होतं.

आठच्या सुमारास चार माणसं बाज खांद्यावर घेऊन आली. बाजेवर एक बाळंतीण होती, वरून प्लास्टिक बांधलेलं. मागून तिची सासू, पदराखाली पहाटे जन्मलेलं मूल. गाव आमच्याच बाजूचं होतं म्हणून पोचले. मूल ठीक होतं, आईचं रक्त थांबत नव्हतं. बाजेच्या दोरीवरून ते खाली ठिबकत होतं, आणि पडवीपासून आतल्या खोलीपर्यंत थेंबांची रेघ पडली. मी रक्ताला घाबरणारा माणूस नाही, पण ती रेघ ओलांडताना माझे पाय अडखळले.

रक्तगट तपासायचं औषध शिबिरांतच संपत आलं होतं. बाटलीच्या तळाशी काही थेंब होते. त्यातले डॉक्टरांनी तिच्यासाठी वापरले आणि मान हलवली. ओ निगेटिव्ह. हजारांत शोधावा लागणारा गट. तिची आधी दोन बाळंतपणं झालेली, त्यामुळे पॉझिटिव्ह रक्त तिला देता येणार नाही असं डॉक्टर म्हणाले. मला त्यातलं काही कळत नव्हतं. उरलेले थेंब एका माणसापुरते, फार तर दोघांपुरते होते. दिसेल त्याला टोचून पाहायची सोय नव्हती. कोणाला बोलवायचं ते आधी माहीत असायला हवं होतं.

"यादी काढा," डॉक्टर मला म्हणाले. "लवकर."

जनरेटर सुरू केला. संगणक चालू झाला. मी पेन ड्राइव्ह खोचला. त्याचा बारीक दिवा लागला, पडद्यावर एक ओळ आली की काहीतरी जोडलं गेलं आहे, आणि पुढे काही नाही. काढला, पुसला, पुन्हा खोचला. दुसऱ्या खाचेत खोचला. तेच. कळायला मला दहा मिनिटं लागली असतील. मग तो प्रश्न आठवला, आणि माझं हसणं आठवलं.

बाई दारात आल्या नाहीत. बाळंतिणीच्या पोटावर दोन्ही हात दाबून त्या आत उभ्या होत्या. तिथूनच ओरडल्या, "सापडलं का, भाऊ?"

"मशीन बिघडलंय," मी म्हणालो. "दुरुस्त करून राह्यलो." खोटं बोलताना मी त्यांच्या बोलीत बोललो, हे मला अजून लाजवतं.

"मंग तवरक बाहेर जाऊन विचारा. ते चौघं झाडाखाली बसले हायेत. मले हात सोडता येत नाई."

बाळंतिणीच्या खोलीजवळ पुरुषांनी थांबायचं नाही अशी तिकडची रीत. बाज आत ठेवून ते चौघे अंगणाच्या पार टोकाला, मोहाखाली, डोक्यावर टोपली धरून बसले होते. मी पावसात धावत गेलो. त्यातल्या एकाला मराठी येत होतं. मी विचारलं, "तुमच्यापैकी कोणाचा रक्तगट ओ निगेटिव्ह आहे का?"

त्याने बाकीच्यांना गोंडीत काहीतरी सांगितलं. चौघांनी माझ्याकडे पाहिलं, एकमेकांकडे पाहिलं.

"हिल्ले," एकजण म्हणाला. गोंडीत नाही.

"नाई जी," मराठीवाला म्हणाला.

मी परत धावलो आणि दारातून सांगितलं, "नाही बाई, कोणी नाही."

डॉक्टर म्हणाले, मग यादीच हवी.

त्या सिस्टीमची सीडी माझ्या पिशवीत होती, आणि मागच्या खेपेचं निम्मं बांधकाम डिस्कवर तसंच होतं. गाभा पुन्हा बांधायचा एवढा एकच मार्ग होता. त्या खटारा यंत्रावर त्याला तीन तास तरी लागणार होते. कॅनमधलं डिझेल कदाचित तेवढं पुरलं असतं, कदाचित नसतं. डॉक्टरांना मी तीन तास म्हटलं तेव्हा त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. सलाईनची बाटली वर टांगत म्हणाले, "करा."

पुन्हा तेच प्रश्न समोर आले. तोच प्रश्न, त्याच चार ओळी, शेवटी तोच सल्ला. या वेळी मी हो म्हटलं. मग पुढच्या प्रश्नावर थांबलो. मागच्या वेळी आणखी कशाकशाला नाही म्हटलं असेल? यातल्या कुठल्या प्रश्नाच्या पोटात असंच काहीतरी दडलेलं असेल? प्रत्येक मदत मी दोनदा वाचत होतो, आणि प्रत्येकीत त्या वस्तूचं नाव होतं, तिचा काळ होता, ती बनवणाऱ्याचं कौतुक होतं. फक्त माझ्यासमोर टेबलावर जे पडलं होतं त्याच्याशी तिचा काय संबंध, ते नव्हतं. लिहिणाऱ्याला मी वडिलांच्या पद्धतीने शिव्या घातल्या. शिव्या त्याला नव्हत्या हे मला तेव्हाही कळत होतं.

मग बांधकाम सुरू झालं आणि मला करायला काही उरलं नाही. पडद्यावर ओळी सरकत होत्या. पडवीत सासू मांडी घालून बसली होती आणि मूल रडत होतं. कापसाच्या बोळ्याने ती त्याच्या ओठांवर पाणी लावत होती. रडणं थांबलं की मी दचकून मान वळवायचो. जनरेटरचा आवाज जरा जरी बदलला तरी मी उठून कॅन हलवून पाहायचो. दहा वाजले. साडेदहा. बाई एकदा हात धुवायला बाहेर आल्या. कोपरापर्यंत लाल.

"किती राह्यलं?"

"होऊन राह्यलं, बाई."

"तिचे ओठ पांढरे पडून राह्यले, भाऊ." एवढंच बोलून त्या आत गेल्या.

अकराच्या पुढे ओळी थांबल्या. डिस्क भरली होती. आता काय उडवायचं? संगणक माझ्याकडे होता तेव्हा मी त्यावर माझी शिकवण्याची सगळी टिपणं ठेवली होती, दोन वर्षांची, दुसरी प्रत नसलेली. पुसून टाकली. तेव्हा त्याचं काहीच वाटलं नाही. ओळी पुन्हा सरकू लागल्या.

साडेअकरा होऊन गेले तेव्हा बांधकाम संपलं. यंत्र बंद करून चालू केलं. मला देव आठवत नाहीत सहसा, तेव्हा राजुऱ्याच्या घरातला देव्हारा अख्खा आठवला. पेन ड्राइव्ह खोचला. दिवा लागला. यादी उघडली.

ओ निगेटिव्ह तीन. पहिला नाल्यापलीकडचा. दुसराही पलीकडचा. तिसरा तिच्याच गावचा, आणि त्याच्यापुढे शेऱ्यात बाईंचे शब्द, मीच टंकलेले: याचं रक्त कमी लोकांचं असतं असं सांगितलं, बोलावलं की येतो म्हणाला.

मी ते नाव मोठ्याने वाचलं.

आतून बाई ओरडल्या, "अरे, तो त् बाज घेऊन आला असन! तिचा जेठ हाय तो! बाहेर पाहा!"

मी पाहिलं नाही. माझ्याने उठवलंच नाही. बाईच खिडकीशी आल्या, डॉक्टरांना पोटावर हात ठेवायला लावून, आणि त्यांनी नावाने हाक मारली. मोहाखालून तिचा तो थोरला दीर उठला. टोपली बाजूला ठेवली, धोतराला हात पुसले आणि भराभर चालत आला. मघाशी ज्याने मला हिल्ले म्हटलं होतं, तोच.

उरलेल्या थेंबांवर डॉक्टरांनी त्याचं रक्त तपासलं. जुळलं. तो बाकावर आडवा झाला, आणि सुई टोचताना बाईंशी गोंडीत काहीतरी बोलला. बाईंचा चेहरा क्षणभर बदलला. मी विचारलं, काय म्हणतो?

"म्हणते, बाईनं सांगतलं होतं बोलवीन तवा ये. मी सकाळपासून इथीच हावो. कोणी बोलावलंच नाई."

साडेतीन तास. माझ्या खुर्चीपासून त्या झाडापर्यंत चाळीस पावलंसुद्धा नव्हती. मी बाहेर जाऊन भिंतीला टेकलो आणि रडलो. पाऊस होता, त्यामुळे कोणाला कळलं नसावं.

ती वाचली. पण उभं राहायला तिला पावसाळा संपावा लागला, आणि तोवर मूल सासूनेच वाढवलं. तीन तास आधी रक्त मिळालं असतं तर इतकं झालं नसतं, असं डॉक्टर एकदा सहज बोलून गेले. ते मला उद्देशून नव्हतं. त्यांना काही माहीतच नव्हतं. त्यांच्या मते मशीन बिघडलं होतं आणि मी ते दुरुस्त केलं होतं. जेवताना त्यांनी माझी पाठ थोपटली, आणि मी ती थोपटू दिली.

नाले उतरायला चार दिवस लागले. चंद्रपूरला पोचल्यावर मी सगळ्यात आधी त्या मदतीच्या ओळी घेऊन बसलो. कोणालाही त्यात दुरुस्ती सुचवता येते. जगभरचे लोक पत्र पाठवतात, बाकीचे ती वाचतात आणि घ्यायची की नाही ते ठरवतात. आठवडाभर मी एका वाक्यावर घासलो. पहिल्या खर्ड्यात गाभा आतून कसा चालतो ते सगळं आलं, कारण मला ते येतं हे दाखवायचं होतं. फाडला. मग बाईंची पद्धत आठवली. दुखण्याचं विचारा लागते. मी लिहिलं: तुम्ही पेन ड्राइव्ह किंवा कॅमेरा जोडणार असाल, तर तुमच्याकडे ही डिस्क नसली तरी इथे हो म्हणा. नाही म्हटलंत तर तो जोडला गेल्याचं दिसेल, पण उघडणार नाही.

उत्तर आलं. कोण्या परदेशी माणसाने लिहिलं होतं की ज्याला एवढंही माहीत नाही त्याने गाभा बांधायच्या भानगडीत पडूच नये. माझं डोकं सणकलं. रागाने मी दोन पानी पत्र लिहिलं. त्यात नाले होते, बाज होती, रक्ताची रेघ होती. मग ते सगळं पुसलं. तो माणूस म्हणजे काही महिन्यांपूर्वीचा मीच होतो. शेवटी तीनच वाक्यं पाठवली: मला हे माहीत नव्हतं. तुमच्या मजकुरात लिहिलं होतं की खात्री नसेल तर नाही म्हणा. मी नाही म्हटलं.

पुढे दुसऱ्याच कोणीतरी माझं वाक्य घेतलं, जरा कापून-छाटून. नव्या आवृत्तीत ते आलं तेव्हा मी त्या पानाची छापील प्रत काढली, आणि पुढच्या उन्हाळ्यात दवाखान्यात गेलो तेव्हा सोबत नेली. या खेपेला वह्याही नेल्या होत्या. बाईंनी त्या आधी घेतल्या, कपाटात ठेवल्या, कपाटाला कुलूप लावलं, आणि मग माझ्या कागदाकडे पाहिलं.

"काय लिहिलं हाय?"

मी मराठीत सांगितलं. मग बाकीचंही सांगितलं. मशीन बिघडलं नव्हतं, मीच एका प्रश्नाला नाही म्हटलं होतं म्हणून. वर्षभर कोणालाच सांगितलं नव्हतं ते. वाटलं होतं बाई चिडतील, किंवा जाऊ द्या म्हणतील. मला दोन्ही चाललं असतं.

त्यांनी कागद नीट चार घड्या करून माझ्या हातात परत दिला.

"त्या रोजी तुमी दोनदा नाई म्हटलं, भाऊ," त्या म्हणाल्या. "एकदा मशीनले, आन एकदा मले. मशीनचं तुमी सुधारलं. मले येऊन सांगा लागत होतं का मी रक्तगटाचं नाव घेऊन विचारलं म्हून. तर मी हात सोडून बाहेर आली असती."

पडवीत पेशंट थांबले होते. त्या उठल्या आणि पहिल्या बाईला आत बोलावलं.